४३ किलोपास्कल, पण किती वेळ?

ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पट्ट्यात, रबाळे-महापे-पावणे भागातल्या जुन्या रासायनिक कारखान्यांच्या कंट्रोल रूम बऱ्याचदा एकाच साच्याच्या असतात. तळमजल्याची बसकी इमारत, वर आरसीसी स्लॅब, प्लँटकडे तोंड केलेली एक लांब भिंत, आणि ऑपरेटरला जवळ पडावा म्हणून नेमका त्याच भिंतीत ठेवलेला दरवाजा. डोंबिवली एमआयडीसीत २६ मे २०१६ ला आणि पुन्हा २३ मे २०२४ ला स्फोट झाले. अशा घटनांनंतर या इमारतींबद्दल पहिला प्रश्न येतो तो हाच: ही भिंत टिकेल का? प्रश्न रास्त आहे. इंग्लंडमध्ये फ्लिक्सबरोला १ जून १९७४ रोजी २८ जण गेले, त्यातले १८ कंट्रोल रूममध्ये होते.

याचं उत्तर काढताना आम्ही ज्या क्रमाने जातो आणि जिथे ठेचकाळायला होतं, ते इथे मांडतो आहोत. आकडे एका नमुन्याच्या भिंतीचे घेतले आहेत, म्हणजे कुणालाही कॅल्क्युलेटर घेऊन पडताळता येतील. जमीन ते स्लॅब स्पॅन ३.६ मीटर, जाडी २०० मिमी, एम२५ काँक्रीट (घनाची ताकद २५ मेगापास्कल), दोन्ही अंगांना १० मिमीच्या उभ्या सळया १५० मिमी अंतराने, एफई ४१५ पोलाद (ताकद ४१५ मेगापास्कल), कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, ३० मिमी, उभ्या सळया बाहेरच्या थरात. इमारतीची दर्शनी लांबी १८ मीटर, उंची ४.२ मीटर.

काम हातात येतं तेव्हा सोबत जोखीम-विश्लेषणाचा जाडजूड अहवाल असतो आणि त्यात आपल्या कामाची एकच ओळ: ‘कंट्रोल रूमपाशी दाब ०.२ बार.’ एवढ्यावर कुणी मॉडेल बांधायला बसला तर तो दिवस फुकट गेला असं समजावं. दाबाचा दुसरा आकडा, म्हणजे तो किती मिलिसेकंद टिकतो हे, अहवाल करणाऱ्याकडून लेखी मागून घ्यायचं. वायूचा ढग पेटून होणाऱ्या स्फोटाचा दाब सावकाश उतरतो. इथे १०० मिलिसेकंद धरू. त्याच जागी तेवढाच कमाल दाब देणाऱ्या लहान टीएनटी स्फोटाचा काळ याच्या पाचव्या हिश्शाइतकाही असू शकतो. त्यामुळे ‘समतुल्य टीएनटी’ काढून त्याचे आलेख वापरायची जी सवय आहे, ती ढगाच्या स्फोटाला लावताना फार जपून. आपलं आयएस ४९९१ हे १९६८ चं मानक स्फोटक पदार्थांच्या जमिनीवरच्या स्फोटासाठी आहे. त्यातले तक्ते उचलून हायड्रोकार्बनच्या ढगाला चिकटवले तर कमाल दाब कदाचित जुळेल, आवेग (दाब आणि तो टिकण्याचा काळ यांचा एकत्रित परिणाम) जुळणार नाही.

आता भिंतीवर प्रत्यक्ष काय येतं ते बघू. ०.२ बार म्हणजे २० किलोपास्कल हा मोकळ्यात वाहणाऱ्या लाटेचा दाब. लाट समोरासमोर भिंतीवर आपटली की परावर्तन होतं. इतक्या कमी दाबाला ते दुपटीपेक्षा थोडंच जास्त असतं. वातावरणाचा दाब १०१.३ धरला तर ४३ किलोपास्कल येतात. पण हा वाढलेला दाब शेवटपर्यंत राहत नाही. भिंतीच्या मोकळ्या कडांवरून हवा निसटायला लागते आणि दाब उतरून वाहत्या लाटेच्या पातळीवर येतो. याला आम्ही इंग्रजीतलाच शब्द वापरतो, क्लिअरिंग. त्याला लागणारा वेळ साधारण तीन गुणिले उंची भागिले लाटेचा वेग. उंची ४.२ मीटर आणि वेग सेकंदाला ३६८ मीटर, म्हणून ३४ मिलिसेकंद. (निम्मी लांबी उंचीपेक्षा कमी असेल तर उंचीऐवजी ती घ्यायची; इथे ९ मीटर आहे, प्रश्न नाही.) या दोन उतरंडींच्या आलेखाखालचं क्षेत्रफळ, म्हणजे आवेग, तेवढंच ठेवून एक साधा त्रिकोण केला तर तो ४३ किलोपास्कल आणि ६७ मिलिसेकंदांचा होतो.

क्लिअरिंग कागदावर सगळ्यांना येतं, पण साइटवर जाऊन कडा खरंच मोकळ्या आहेत का ते बघायला विसरतात. भिंतीच्या वर पॅरापेट, म्हणजे कठडा, नंतर चढवलेला असतो. कोपऱ्याला खेटून एमसीसी (मोटर कंट्रोल सेंटर) रूम उभी असते, किंवा वर पाइपरॅकखाली पत्र्याची शेड ठोकलेली असते. कडा बंद झाली की हवा निसटत नाही आणि ४३ चा त्रिकोण जवळजवळ पूर्ण १०० मिलिसेकंद चालतो. त्याने काय होतं ते पुढच्या आकड्यांत दिसेल.

सॉफ्टवेअर उघडण्याआधी भिंतीची एक मीटरची उभी पट्टी घेऊन सिंगल डिग्रीचं मॉडेल करायचं: एक वस्तुमान, एक स्प्रिंग, आणि स्प्रिंगला कमाल प्रतिकाराची मर्यादा. वरखाली आधार साधे धरतो. जुन्या इमारतीत भिंतीच्या सळया स्लॅबमध्ये किती गेल्यात याचं ड्रॉइंग सहसा मिळत नाही, आणि मिळालं तरी त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवावा असं ते क्वचितच असतं. पोलादाची ताकद ४१५ ला १.१ ने गुणायची (प्रत्यक्ष सळई नेमक्यापेक्षा जास्त भरते म्हणून) आणि पुन्हा १.१७ ने (भार झपाट्याने येतो म्हणून). येतात ५३४ मेगापास्कल. प्रभावी खोली, म्हणजे दाबल्या जाणाऱ्या अंगापासून ताणल्या जाणाऱ्या सळईच्या मध्यापर्यंतचं अंतर, १६५ मिमी. मोमेंट क्षमता (वाकवणारा जोर सोसण्याची ताकद) मीटरला ४४ किलोन्यूटन-मीटर, म्हणजे भिंतीचा प्रतिकार २७ किलोपास्कल.

इथे नवख्या माणसाचा चेहरा पडतो: प्रतिकार २७, भार ४३, म्हणजे भिंत गेलीच! स्थिर भारात गेली असती. पण ४३ हा आकडा क्षणभराचा आहे, आणि भिंतीला जडत्व आहे.

कडकपणासाठी न तडकलेल्या आणि पूर्ण तडकलेल्या छेदाच्या मोमेंट ऑफ इनर्शियाची (छेदाचा आकार वाकण्याला किती विरोध करतो त्याच्या मापाची) सरासरी घेतो. मीटरभर पट्टीला मिलिमीटरमागे १५.५ किलोन्यूटन मिळतात, म्हणून लवचिक मर्यादेचा वाक ६.४ मिमी. वस्तुमान १८०० किलो. भिंत सगळीकडे सारखी हलत नाही म्हणून त्याला लावायचा भार-वस्तुमान गुणक लवचिक अवस्थेत ०.७८, प्लास्टिकमध्ये, म्हणजे वाक कायमचा राहायला लागल्यावर, ०.६६, मधला ०.७२ घेतला. नैसर्गिक आवर्तकाल, म्हणजे भिंतीच्या एका पूर्ण झोक्याचा वेळ, आला सुमारे ५८ मिलिसेकंद. भाराचा काळ ६७, भिंतीचा ५८. दोन्ही एकमेकांच्या जवळचे आहेत, आणि हीच सगळ्यात अडचणीची जागा. भार आवर्तकालापेक्षा खूपच छोटा असता तर नुसत्या आवेगावर काम भागलं असतं, खूप लांब असता तर नुसत्या दाबावर. इथे मात्र कालक्रमाने पायरी-पायरीने सोडवण्याला पर्याय नाही.

ही पायरी-पायरीची आकडेमोड एक्सेलमध्ये होते. सेंट्रल डिफरन्स पद्धत पुरते: पुढचा वाक म्हणजे आताच्या वाकाची दुप्पट, वजा मागचा वाक, अधिक प्रवेग गुणिले कालखंडाचा वर्ग. कालखंड ०.५ मिलिसेकंद, १२० मिलिसेकंदांना २४० ओळी. स्थिरतेची मर्यादा आवर्तकाल भागिले पाय (π), म्हणजे १८ मिलिसेकंद आहे. पण मर्यादेत असणं आणि अचूक असणं वेगळं. कालखंड निम्मा करून पाहायचा, उत्तर एक टक्क्यानेही हललं नाही पाहिजे. दोन चुका पुन्हा पुन्हा दिसतात. पहिल्या ओळीत ‘मागचा वाक’ शून्य टाकून देतात. तिथे अर्धा गुणिले सुरुवातीचा प्रवेग गुणिले कालखंडाचा वर्ग हा पहिला वाक बसवावा लागतो. दुसरी चूक जास्त लबाड आहे. प्रतिकारासाठी ‘कडकपणा गुणिले वाक आणि कमाल प्रतिकार यांतलं लहान’ असं सूत्र लिहितात. कमाल वाकापर्यंत सगळं बरोबर येतं, म्हणून शंका येत नाही. पण परतताना स्प्रिंग जिथून आली त्याच वाटेने मागे जाते, कायमचा वाक राहतच नाही, आणि उलटा धक्का चुकीचा निघतो. प्लास्टिक वाकाचा वेगळा रकाना ठेवून प्रतिकार त्यातून वजा केलेल्या वाकावर काढायचा आणि दोन्ही बाजूंनी मर्यादा लावायची.

आता आकडे. ४३ किलोपास्कल, ६७ मिलिसेकंद: कमाल वाक ४६ मिमी, तोही ६० व्या मिलिसेकंदाला. आधारापाशी कोन १.५ अंश. अमेरिकन सोसायटी ऑफ सिव्हिल इंजिनिअर्सची पेट्रोकेमिकल इमारतींची मार्गदर्शिका अशा आरसीसी भिंतीला कमी नुकसानीसाठी १, मध्यमसाठी २ आणि जास्तसाठी ५ अंशांची मर्यादा देते. म्हणजे मध्यम. भिंत तडकेल, दुरुस्त करता येईल, आतला माणूस वाचेल.

कडा बंद धरल्या, तोच दाब १०० मिलिसेकंद ठेवला: ८२ मिमी, २.६ अंश. मध्यमची रेघ ओलांडली. आणि कुणी टीएनटीच्या आलेखावरून त्याच ४३ ला २० मिलिसेकंदांचा काळ दिला असता, तर अवघे साडेदहा मिमी, म्हणजे ‘इमारत उत्तम’ असा शेरा. कमाल दाब तिन्हींत एकच. साडेदहा, सेहेचाळीस, ब्याऐंशी: हा फरक संगणकातल्या मॉडेलच्या कुठल्याही बारीक मेशने (तुकड्यांच्या जाळीने) निघणार नाही, कारण तो मेशमध्ये नाहीच.

दुसरा मोठा फरक सळईत असतो. खाडीकडून येणारी दमट खारट हवा, त्यात कारखान्याच्या आवारातली आम्लाची वाफ. कव्हरमीटर सळईचं अंतर बऱ्यापैकी सांगतो, व्यासाबद्दल त्याच्यावर विसंबू नये. दोन-तीन ठिकाणी, आणि त्यात एक जमिनीलगतच्या ओल्या भागात, कव्हर फोडून, गंज घासून व्हर्नियरने सळई मोजायचीच. १० ची ९ मिमी उरली असेल तर क्षेत्रफळ १९ टक्क्यांनी गेलं. प्रतिकार २७ वरून २२ वर येतो, आणि वाक ४६ वरून थेट ६६ मिमी, २.१ अंश. एक मिलिमीटर गंजाने भिंत एका वर्गातून खालच्या वर्गात जाते. तपासणीच्या पैशांवरून घासाघीस सुरू झाली की आम्ही हे दोन आकडे शेजारी ठेवतो.

यानंतर फायनाइट एलिमेंट, म्हणजे भिंतीचे छोटे छोटे तुकडे (एलिमेंट) करून संगणकावर सोडवणं. पट्टीचं उत्तर हातात असताना तो खर्च कशाला? कारण पट्टीत दरवाजा नसतो, केबल आत घेण्याचं भोक नसतं, कोपऱ्यातल्या आडव्या भिंतीचा आधार नसतो. आम्ही एलएस-डायना वापरतो. एक्स्प्लिसिट पद्धतीचं (अगदी छोट्या कालखंडांनी पुढे जाणारं) कोणतंही चांगलं सॉफ्टवेअर चालेल. फक्त एक सापळा: त्यात स्फोटाचा भार आपोआप देणारं जे तयार कार्ड आहे, ते टीएनटीच्या प्रयोगांवर बसवलेलं आहे. वजन आणि अंतर भरलं की सुंदर रंगीत लाट येते, पण ती आपल्या ढगाची नाही. इथे आपणच काढलेला दाब-काळाचा आलेख भिंतीच्या पृष्ठभागावर लावायचा. हवेचं वेगळं मॉडेल करणं, लाट त्यातून चालवणं वगैरे स्फोटक भिंतीच्या अगदी जवळ असेल तेव्हा. इतक्या लांबच्या ढगासाठी ती हौस आहे.

काँक्रीटला २५ मिमीचे घन, म्हणजे जाडीत आठ. सळया वेगळ्या बीम एलिमेंटने काँक्रीटात बांधलेल्या. ध्वनिलहरीला एक एलिमेंट ओलांडायला जितका वेळ लागतो त्यापेक्षा कालखंड मोठा ठेवता येत नाही. काँक्रीटात वेग सेकंदाला ३४०० मीटर, त्यामुळे ७.४ मायक्रोसेकंद, पोलादात ५०५० मीटर, त्यामुळे तेवढ्याच लांबीच्या सळईला ५. म्हणजे कालखंड काँक्रीट नाही, सळई ठरवते. नेहमीचा ०.९ चा गुणक लावून ४.५ मायक्रोसेकंद, १५० मिलिसेकंदांना साधारण ३४ हजार पायऱ्या. दरवाज्याच्या कोपऱ्यात मेश करताना २ मिमीचा एखादा चपटा तुकडा राहिला, तर कालखंड अर्ध्या मायक्रोसेकंदावर येतो आणि रन आठपट लांबतो. तेव्हा वस्तुमान वाढवून कालखंड मोठा करायचा मोह होतो. स्फोटाच्या कामात तो टाळायचा. जडत्वावरच सगळं उत्तर उभं आहे, तेच बदललं तर काय उरलं? तो तुकडा शोधून मेश नीट करा.

एकके आधी कागदावर लिहून भिंतीला चिकटवा. न्यूटन-मिलिमीटर-सेकंद पद्धतीत वस्तुमान टनात आणि ४३ किलोपास्कल म्हणजे ०.०४३, किलो-मिलिमीटर-मिलिसेकंद पद्धतीत तोच दाब ०.००००४३. दोन माणसं एकाच फाइलवर काम करत असली की हजारपटीची चूक होते, आणि गंमत म्हणजे हजारपट कमी भाराची चूक लवकर सापडत नाही, कारण भिंत शांतपणे उभी राहते.

काँक्रीटचं मटेरियल मॉडेल आणखी एक जागा. नुसती ताकद दिली की बाकीचे गुणांक स्वतः बनवणारी मॉडेल मिळतात. त्यांना ताकद सिलिंडरच्या आकाराच्या नमुन्याची हवी असते, आपण सवयीने क्यूबच्या, म्हणजे घनाच्या नमुन्याची २५ टाकतो; एम२५ ला ती २० च्या आसपास. शिवाय हे गुणांक मध्यम ताकदीच्या काँक्रीटवर बसवलेले असतात आणि २० मेगापास्कल ही त्यांची खालची कड. म्हणून आधी एकच घन घेऊन त्याला दाबून, ताणून त्याचे वक्र बघायचे. ताणात तुटताना लागणारी ऊर्जा मीटर वर्गाला १३० न्यूटन-मीटरच्या आसपास निघाली पाहिजे, आणि एलिमेंटचा आकार बदलला तरी तीच राहिली पाहिजे. नाही राहिली तर मेश बारीक करत जाल तशी भिंत दुबळी होत जाईल. आणि भाराच्या वेगामुळे वाढणारी ताकद एकदाच मोजा. हातच्या हिशेबातले ५३४ मेगापास्कल मॉडेलमध्ये टाकून वर वेगाचा परिणामही चालू ठेवला, तर तोच फायदा दोनदा घेतला जातो.

पूर्ण रनच्या आधी तीन छोटे रन. एक, सगळं साहित्य लवचिक, भार अचानक लावून तसाच ठेवलेला: वाक स्थिर वाकाच्या दुप्पट आला पाहिजे. दोन, दाब सावकाश वाढवत नेणं: पट्टी २७ किलोपास्कलच्या आसपास नमली पाहिजे. तीन, नुसतं स्वतःचं वजन. गुरुत्वाकर्षण एका झटक्यात लावलं तर स्लॅब आपणच हलायला लागतो आणि स्फोट येईपर्यंत हलत राहतो. म्हणून ते २००-३०० मिलिसेकंदांत चढवायचं, तेवढ्यापुरतं अवमंदन (हालचाल विझवणारा विरोध) ठेवायचं, आणि स्फोटाच्या क्षणी ते काढायचं. काढायला विसरलं की वाक हळूच कमी होतो.

मुख्य रन झाल्यावर रंगीत चित्र सर्वांत शेवटी. आधी ऊर्जेचा आलेख. एकाच बिंदूवर मोजणाऱ्या घन एलिमेंटमध्ये ‘अवरग्लास’ नावाची खोटी विरूपणं येतात. त्यांची ऊर्जा अंतर्गत ऊर्जेच्या ५ टक्क्यांच्या आत हवी. एकूण आकडा बरा दिसला तरी दरवाज्याच्या कोपऱ्यापुरता वेगळा काढून बघा. तुटलेले एलिमेंट गायब करायची सोय आहे. त्याने चित्र खरं वाटतं, पण गायब होताना वस्तुमान आणि ऊर्जा दोन्ही जातात. तडा म्हणजे भोक नव्हे. मेश ५० आणि २५ मिमी असे दोन रन करतोच, १२.५ चा करायचा तर लक्षात असू द्या, एलिमेंट आठपट, पायऱ्या दुप्पट, एकूण काम सोळापट.

दरवाज्यापासून लांबच्या पट्टीत फायनाइट एलिमेंटचा वाक हातच्या उत्तरापेक्षा थोडा कमीच यायचा, कारण कोपरे आणि वरखालचे सांधे काही ना काही मदत करतातच. फरक २०-२५ टक्क्यांच्या पुढे गेला तर अहवाल लिहायचा नाही, कारण शोधायचं. बहुतेकदा आधार सापडतो: मॉडेलमध्ये भिंतीचा तळ पूर्ण जखडलेला आणि जागेवर तिथे नुसती स्टार्टर सळई, म्हणजे पायातून वर काढलेली जोडसळई.

आधारांवरच्या प्रतिक्रिया भारापेक्षा मुख्यतः भिंतीच्या प्रतिकारावरून ठरतात. या भिंतीत वरखाली मीटरला ५३ किलोन्यूटन येतात. सळई अपेक्षेपेक्षा मजबूत निघाली तर भिंत जास्त भार घेते आणि स्लॅबच्या सांध्याला जास्त सोसावं लागतं. म्हणून भिंत आतून पोलादी खांब लावून किंवा १०० मिमी काँक्रीट चढवून मजबूत करायची ठरली, की सांध्याचा हिशेब पुन्हा पहिल्यापासून.

राहिला दरवाजा. १.१ बाय २.२ मीटरचं पोलादी दार, ४३ किलोपास्कलने एकूण १०४ किलोन्यूटन. दार बाहेर उघडणारं असलं तर स्फोट त्याला चौकटीवरच दाबतो, तेव्हा काम सोपं वाटतं. पण दाराचा आवर्तकाल १५ मिलिसेकंदांच्या आसपास असतो, आणि ते लवचिकच राहिलं तर परतीचा झोका अवमंदनाशिवाय जवळजवळ तेवढ्याच जोराचा, सुमारे १०० किलोन्यूटनचा निघतो. तो चौकट घेत नाही, बिजागऱ्या आणि कडी घेतात. एका कडीच्या जागी चौफेर खिट्ट्या लागतात त्या यासाठी. आणि भिंतीसाठी चालणारा दीड अंश दाराच्या चौकटीला चालत नाही. दाराशेजारची पट्टी स्वतःचा भार घेते, वर दाराचा निम्मा घेते, ती ४०-५० मिमी आत सरकली की चौकट वाकडी होते, दार जॅम होतं आणि वाचलेली माणसं आत अडकतात. म्हणून दाराच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या आम्ही १ अंशाच्या आत बसवतो, आणि जागा असेल तर दुसरं दार प्लँटच्या उलट्या भिंतीत मागतो.